थांबा, मी आलोय

लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला काय सांगायचं, यात थांबाकाकांचा हात धरणारा कुणी नव्हता. फोन आला की हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवून ते जिने चढत सुटायचे, बंद दारावर दोन्ही तळवे ठेवायचे आणि खणखणीत आवाजात म्हणायचे, "थांबा. मी आलोय." आतला आरडाओरडा तेवढ्यानंच निम्मा व्हायचा. मग पुढचा पाठ ठरलेला: कशाला हात लावू नका, दार ओढू नका, आहात तिथेच सगळ्यात सुरक्षित आहात. उभी हयात हे एकच बोलण्यात गेली, म्हणून त्यांचं नाव थांबाकाका पडलं. बाप्तिस्म्याचं नाव चर्चच्या नोंदवहीत राहिलं. पाळकसुद्धा उपासना संपल्यावर "थांबाकाका, जरा थांबा" असं म्हणून वर स्वतःच हसायचे.

पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! या माणसाला स्वतःला थांबणं ठाऊकच नव्हतं. चहा निवेपर्यंत दम निघायचा नाही, त्यामुळे जीभ कायम भाजलेली. चर्चमध्ये गीत सुरू झालं की काका सगळ्या मंडळीच्या एक ओळ पुढे. पाळकांची प्रार्थना संपत आल्यासारखी नुसती वाटली तरी काकांचं आमेन बाहेर पडायचं, आणि पाळकांना तर अजून निम्म्या आजाऱ्यांची नावं घ्यायची असायची. लोक डोळे मिटूनच हसायचे.

घरी रोज संध्याकाळी प्रार्थना व्हायची तीही काकाच करायचे. त्यांची प्रार्थना म्हणजे वरच्या मशीनरूममध्ये उभ्या असलेल्या जोडीदाराला खालून सूचना द्याव्यात, तशी. प्रभू, आधी अमक्याला नोकरी दे, मग तमक्याच्या मुलाचं जमव, आणि ते झालं की पाण्याच्या टाकीचं बघ. देवानं कोणत्या क्रमानं काय करायचं हे सगळं पक्कं सांगितलेलं असायचं. शेजारी त्यांची बायको डोळे मिटून बसलेली असायची. ती बालवाडीत शिकवायची, म्हणून घरीदारी सगळे तिला बाईच म्हणत. कधीतरी बाई "प्रभू, मला..." असं सुरू करायच्या, की काका लगेच वाक्य उचलायचे: "होय प्रभू, हिला धीर दे, तसा तिला धीर आहेच म्हणा." बाई पुन्हा गप्प व्हायच्या. दिवसभर पोरांना बोलू द्यायची सवय असलेल्या बाईला घरी बोलायला जागा नव्हती, आणि काकांच्या हे गावीही नव्हतं. त्यांना वाटायचं, आपण दोघांची मिळून प्रार्थना करतो.

कंपनीच्या साहेबांनी एक दिवस सगळ्या मेकॅनिकना बोलावलं. परदेशातल्या एका कंपनीला जुन्या इमारतीतल्या लिफ्ट बदलायला मुरलेली माणसं हवी होती. "दोन वर्षांचा करार आहे, तर कुणी जायला..." एवढंच साहेब बोलले होते, तोवर काकांचा हात वर गेला होता. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग! घरी येऊन त्यांनी ते बाईंना सांगितलं आणि संध्याकाळी देवाला सांगितलं.

"त्याला विचारलंत का?" बाईंनी आमेननंतर विचारलं.

"आत्ता सांगितलं की."

"सांगितलंत. विचारलंत का?"

काकांनी विमानाच्या तिकिटाचा विषय काढला.

जायच्या आधी त्यांनी स्वप्नं काय कमी रंगवली? नवी शहरं बघू, दोन गोष्टी शिकू, परत आल्यावर तरुण संघात भाषण देऊ. प्रत्यक्षात वाट्याला आली एक खोली, दोन लोखंडी खाटा, आणि शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडणारी एक खिडकी. भिंत इतकी जवळ होती की हात बाहेर काढला तर टेकावा. पासपोर्ट पहिल्याच दिवशी कंपनीच्या ऑफिसातल्या कपाटात गेला, सुरक्षित राहावा म्हणून. सकाळी गाडी खोलीवरून उचलायची आणि कामावर सोडायची, संध्याकाळी कामावरून उचलून खोलीवर सोडायची. रस्त्यावरच्या पाट्या वाचता येत नव्हत्या, दुकानदाराचं बोलणं कळत नव्हतं. ज्याची सगळी मिजास तोंडावर, तो माणूस तोंड असून मुका झाला. रविवारी ते चौकापर्यंत जायचे, येणाऱ्याजाणाऱ्यांकडे बघून ओशाळं हसायचे आणि हरवू या भीतीनं त्याच फुटपाथवरून परत यायचे. खाटेवर बसलं की समोर ती भिंत असायचीच.

दुसऱ्या खाटेवर तिथलाच एक म्हातारा फिटर होता. दुरून गावाकडून कामाला आलेला, म्हणून तोही कंपनीच्या खोलीत राहायचा. काकांनी मनातल्या मनात त्यांचं नाव मामा ठेवलं. परक्या देशात एक तरी मामा असलेला बरा. मामांचा एक गुडघा धरलेला होता आणि स्वभाव त्या गुडघ्याहून सावकाश. एक नट आवळायचे, दुसऱ्या नटाकडे जायचे आणि मधूनच परत येऊन पहिला तपासायचे. काम संपल्यावर प्रत्येक पाना पुसून तान्ह्या मुलासारखा कापडात गुंडाळायचे. बघून बघून काकांच्या जिवाची नुसती काहिली व्हायची.

भाषेचं म्हणाल तर दोघांत हातवाऱ्यांचाच कारभार होता. पण एक शब्द मामांना लवकर आला. काकांना येऊन फार दिवस झाले नव्हते. मशीनरूममध्ये मामा वाकून काही पुसत होते आणि दोर चाकावर चढतो त्या खाचेपाशी त्यांची बोटं गेली. चाक फिरायला लागणार एवढ्यात काकांच्या तोंडून किंकाळीच निघाली, "थांबा!" शब्द कळायचं कारण नव्हतं, पण मामांचा हात जागच्या जागी थिजला. बोटं वाचली. मामांनी ती बोटं बराच वेळ उलटीसुलटी करून पाहिली, मग काकांना तो शब्द पुन्हा म्हणायला लावला. 'थ'वर अडखळत, पाच-सात वेळा घोकून त्यांनी तो पाठ केला. तेव्हापासून कामावर दोघांत थांबायची खूण तीच. तिथल्या भाषेत त्याला शब्द असूनही मामा तो वापरेनात.

पुढच्या रविवारी मामा त्यांना आपल्या प्रार्थनेला घेऊन गेले. शिंप्याच्या दुकानावर एक साधी खोली होती. चारी बाजूंना बाकं, मधे मोकळी जागा. क्रूस नाही, बाजाची पेटी नाही, व्यासपीठ नाही. पंधरावीस माणसं आली आणि मान खाली घालून बसली. काकाही बसले. पाळकांना उशीर झालेला दिसतो, असं त्यांना वाटलं. ते दाराकडे बघत राहिले. कुणी खोकलं, कुणी पाय हलवला, खाली शिंप्याचं यंत्र थोडा वेळ चाललं आणि थांबलं. पाळक येईनात. शेवटी सगळे उठले, एकमेकांचे हात हातात घेतले आणि घरी गेले.

"ही प्रार्थना का डुलकी?" काकांनी रात्री बाईंना फोनवर विचारलं.

"शांत होतं का?"

"शांत? अगं, भिंतीवरची पाल बोलली असती तरी ऐकू आलं असतं."

"मला आवडेल," बाई म्हणाल्या. पण काकांनी तोवर पाळकांच्या गैरहजेरीवर बोलायला सुरुवात केली होती.

खोलीवर बसून भिंत बघण्यापेक्षा बरं, म्हणून ते पुढच्या रविवारीही गेले. तोच प्रकार. बसून बसून काकांच्या अंगाला मुंग्या आल्या. मग त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला: या बिचाऱ्यांना सुरुवात करून देणारा कुणी नाही! आपल्याकडेही प्रार्थनासभेत असंच होतं, सगळे एकमेकांची वाट बघतात. मंडळीची अडचण डोळ्यांनी दिसत असताना स्वस्थ बसणं काकांच्या रक्तात नव्हतं. ते ताडकन उभे राहिले, घसा साफ केला आणि खड्या मराठीत सुरू झाले. त्या शहरासाठी मागितलं, तिथल्या राज्यकर्त्यांसाठी मागितलं, मामांच्या गुडघ्यासाठी मागितलं, बसलेल्या प्रत्येकाच्या घरादारासाठी मागितलं. दमून थांबले तेव्हा कुणीही आमेन म्हटलं नाही. शेवटी त्यांनी आपलं आपणच म्हटलं आणि खाली बसले. एका आजीनं येऊन त्यांचा हात हळूच थोपटला, गर्दीत हरवलेल्या पोराचा थोपटावा तसा. काकांचे कान तापले.

परतताना रस्त्यात मामा उभे राहिले. काकांच्या तोंडाकडे बोट दाखवून त्यांनी पाची बोटं चोचीसारखी उघडमीट केली. मग काकांच्या कानाकडे बोट दाखवलं, आणि भुवया उंचावल्या. एवढंच. याला भाषा कशाला लागते? काकांना राग आला. त्यानंतर ते त्या खोलीत गेले नाहीत.

वर्ष सरत आलं तेव्हा बाईंच्या पोटात गाठ निघाली. मोठी होती, काढायलाच हवी होती, आणि ती कसली आहे हे काढल्यावर तपासूनच कळणार होतं. काका ऑफिसात धावले. तिथल्या अधिकारी महिलेनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, त्यांना पाणी दिलं आणि करारावर बोट ठेवलं. इमारतीच्या लिफ्ट मालकाच्या ताब्यात दिल्याशिवाय सुट्टी नाही. काकांनी हात जोडले, आवाज चढवला, पुन्हा हात जोडले. पासपोर्टचं कपाट तिच्या खुर्चीमागेच होतं. त्याला हातही लावता येत नव्हता आणि त्याच्यावरची नजरही हटत नव्हती. शेवटी ते जिना उतरून रस्त्यावर आले आणि कुठे जायचं ते न सुचून नुसते उभे राहिले.

त्या दिवसापासून त्यांच्या मागे लिफ्ट पुरी करायचं भूत लागलं. दिवसभर कामाची घाई आणि संध्याकाळी फोनवर देवाला सूचना. प्रभू, डॉक्टरांचा हात धर, आधी भूल नीट लागू दे, मग गाठ साधी निघू दे. बाई मधेच म्हणायच्या, "अहो, मला ना..."

"आधी प्रार्थना करून घेऊ," काका म्हणायचे. आणि प्रार्थनेनंतर बाई म्हणायच्या, "काही नाही, झोपा आता."

ऑपरेशनच्या दिवशी बाईंना आत नेण्याआधी काकांनी दुपारच्या सुट्टीत फोन करायचा आणि प्रार्थना करायची, असं ठरलं. "नक्की करा हं," बाई म्हणाल्या. त्यांनी असं कधी बजावून सांगितलं नव्हतं. काकांचा जीव तिथेच टांगणीला लागला.

तो दिवस उजाडला. बाकीची टोळी दुसऱ्या इमारतीवर गेली होती. इथे काका, मामा आणि खाली दरवाजावरचा रखवालदार, एवढेच होते. शेवटची लिफ्ट जवळजवळ तयार होती. फक्त तिचे जबडे तपासायचे राहिले होते. लिफ्ट भलत्या वेगानं खाली यायला लागली तर दोन्ही बाजूंच्या रुळांना गच्च धरतात ते हे जबडे. ते सकाळी काकांनीच बसवले होते, घाईघाईनं. मामांनी खुणेनं सांगितलं होतं की गुडघ्याला औषध चोळून येतो, मग दोघं मिळून तपासू, तोवर लिफ्टची गाडी हलवायची नाही.

वर काम करता करता काकांनी घड्याळ पाहिलं. सुट्टी झाली होती. फोन खाली तळमजल्यावर, कपड्यांच्या कप्प्यात होता, कारण कामाच्या जागी फोन नेऊ देत नसत. जिन्यानं उतरायचं तर सगळी इमारत उतरायची. आणि समोर लिफ्ट उभी होती, स्वतःच्या हातानं बांधलेली. न तपासलेल्या लिफ्टमध्ये दुसरा कुणी चढला असता तर काकांनी त्याची सालटी काढली असती. ते आत शिरले आणि त्यांनी बटण दाबलं.

लिफ्ट थोडी खाली गेली आणि घाईत बसवलेल्या जबड्यांनी वेग नसतानाच रूळ धरले. काका भेलकांडून भिंतीवर आदळले. मोठा दिवा गेला, छतातला बारका दिवा लागला. मग काहीच नाही.

त्यांनी घंटा दाबली. खाली कुठेतरी ती वाजली असावी. त्यांनी दारावर थापा मारल्या, मामांना हाका मारल्या. आपलाच आवाज चहूबाजूंनी अंगावर येत होता. जबडे असे धरले की सोडवायला दोन माणसं लागतात, एकानं वर ब्रेक उचलून धरायचा आणि दुसऱ्यानं हातानं चाक फिरवून गाडी वर ओढायची. गुडघा धरलेल्या एका म्हाताऱ्याचं ते काम नव्हतं. टोळी यायची तर शहराच्या दुसऱ्या टोकावरून यायची. तोवर बाई आत गेलेल्या असतील. "नक्की करा हं." 

मग काकांनी तेच केलं जे करू नका म्हणून सगळ्या जन्मात लोकांना बजावलं होतं. अडकलेलं साधं माणूस घाबरतं, रडतं आणि गप्प बसतं. दार कसं उघडायचं ते लिफ्टवाल्याला येतं, म्हणून अडकलेल्या लिफ्टवाल्यासारखा धोक्याचा माणूस नाही. काकांनी आतलं दार फाकवलं, बोटं घालून बाहेरच्या दाराची कडी चाचपली आणि वर उचलली. दार सरकलं. खाली मजल्याची फरशी दिसली, तिच्यावर खिडकीतून पडलेलं ऊन. गाडी दोन मजल्यांच्या मधे होती. फरशी छातीभर खाली, आणि फरशी नि गाडीचा तळ यांच्यामधे उघडी, अंधारी विहीर. इथून अंग खाली सोडणारं माणूस पुढे पडत नाही. पाय आत झोके घेतात आणि ते गाडीखालून थेट तळाला जातं. हे काकांना माहीत होतं. ते इतरांना सांगताना त्यांचा स्वतःचा आवाज कापायचा. आणि तरी ते पालथे झाले आणि त्यांनी दोन्ही पाय बाहेर सोडले. आपल्याला जमेल, असं त्यांना वाटत होतं.

"थांबा."

आवाज चढा नव्हता. काकांनी मान वळवून पाहिलं. मामा जिन्याच्या तोंडाशी उभे होते, पायजम्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत दुमडलेला, चेहरा पांढराफटक. ते लंगडत आले. त्यांनी काकांचे लोंबकळणारे दोन्ही बूट तळहातांवर घेतले आणि हळूहळू, एकेक करून, आत सारले.

 आत बसल्यावर काकांनी कानाला हात लावून फोनची खूण केली, खिशातली कप्प्याची किल्ली काढली. बायको, दवाखाना, सगळं हातांनी सांगितलं. मामांना ते ठाऊक होतंच, खोलीत काकांच्या खाटेवर बाईंचा फोटो होता. मामांनी किल्ली घेतली. रखवालदाराला सांगून टोळी बोलावतो, हेही खुणेनं सांगितलं. मग त्यांनी काकांच्या डोळ्यांत पाहून तोच शब्द पुन्हा म्हटला, आणि बाहेरचं दार ओढून बंद केलं.

काका बंद दाराकडे बघतच राहिले. पहिल्यांदा संताप आला. मग आठवलं की आपणही हेच करायचो. आतल्या माणसानं दार फटीएवढं उघडलेलं असलं की आपण ते पहिलं बंद करायचो, त्याच्या भल्यासाठी. आत माणसं रडायची, शिव्या द्यायची, म्हणायची, दार उघडंच असू द्या हो. आणि आपण "थांबा, मी आलोय" म्हणून वर मशीनरूमकडे निघून जायचो. इतकी माणसं सोडवली, पण दार लागल्यावर आतल्याला काय वाटतं, हे कधी डोक्यात आलं नव्हतं. आता तो म्हातारा जिने उतरत होता. त्याच्या गुडघ्यावर सगळं अवलंबून होतं, आणि त्याला घाई करायला सांगायची सोय नव्हती.

कडी हाताला लागत होती. पुन्हा उचलली की दार पुन्हा उघडलं असतं. काकांचा हात तिथपर्यंत गेला आणि तिथेच राहिला. "प्रभू," त्यांनी मोठ्यानं सुरुवात केली, "आधी मामांना लवकर..." आणि पुढचं सुचेना. क्रम लागेना. आयुष्यात पहिल्यांदा देवाला काय सांगायचं ते त्यांना कळेना. वर दोर बारीक कुरकुरत होते. स्वतःचा श्वास त्यांना ऐकू येत होता. त्यांनी कडीवरचा हात काढला आणि तो दुसऱ्या हातात घट्ट धरून ठेवला. मामा परत येतील की नाही, कधी येतील, बाई आत गेल्या का, काहीच कळायला मार्ग नव्हता. इतकी भीती वाटली की त्यांनी डोळे मिटले. त्या भीतीतच ते बसून राहिले.

किती वेळ गेला कोण जाणे. मग पायऱ्यांवर एक पाऊल आणि एक फरपट ऐकू आली, एक पाऊल आणि एक फरपट. दार सरकलं. घामानं निथळलेल्या मामांनी फोन वर केला. काकांनी तो झडप घालून घेतला. पण लोखंडी पेटीत सिग्नल कुठला? त्यांनी फोन उंच धरला, खाली धरला, बाहेर हात लांबवून धरला. काही नाही. त्यांना रडू फुटलं. मामांनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, समोरच्या खिडकीपाशी गेले, फोनच्या पडद्यावरच्या बाईंच्या फोटोवर बोट टेकवलं आणि आवाज मोठा केला.

"हॅलो?" बाईंचा आवाज मजलाभर पसरला. "अहो? किती वाट बघितली. आता नेतील मला."

"अगं, मी इथे आहे!" काका ओरडले. पण तो आवाज विहिरीतच फिरला, खिडकीपर्यंत पोचला नाही.

"हॅलो? बोला ना."

मामा फोनकडे बघत राहिले. मग त्यांना येत होता तो एकुलता एक मराठी शब्द ते फोनमध्ये म्हणाले, अडखळत, हळू आवाजात. "थांबा."

 "आवाज असा काय झालाय तुमचा? रडताय होय? रडू नका," बाई म्हणाल्या. "बरं, आज तुम्ही नका बोलू. मीच करते प्रार्थना."

मामांनी मान खाली घातली. काकांनी तोंड उघडलं होतं, ते तसंच राहिलं.

"प्रभू," बाई म्हणाल्या, "मला भीती वाटते. हे नेहमी तुला सांगतात की मला धीर आहे. मला नाहीये धीर. इतके दिवस एकटी बसून रडते, ह्यांना सांगितलं नाही. त्यांना यायला मिळत नाही, वर हे कशाला. गाठ कसली निघेल मला माहीत नाही. तू हे कर, ते कर, असं मला सांगता येत नाही. फक्त एक सांगते. आमचे हे कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांना दाराबाहेरून म्हणतात ना, थांबा, मी आलोय. म्हटलं की माणसं गप्प होतात, मी पाहिलंय. तेवढं तू मला आत म्हण. मग मी थांबेन. आणि ते तिकडे एकटे आहेत, त्यांनाही म्हण."

मागे कुणाचा तरी आवाज आला, चाकं फरशीवरून सरकली. "आमेन," बाई घाईनं म्हणाल्या, आणि फोन बंद झाला.

काका गाडीच्या कडेला गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. आमेन म्हणायला त्यांना उशीर झाला. त्यांनी ते म्हटलं तेव्हा खिडकीपाशी मामांनीही म्हटलं. शिंप्याच्या दुकानावरच्या त्या खोलीत मामा कधी तोंड उघडत नसत. दोघांच्या भाषेत तो शब्द एकच होता.

मग मामा भिंतीला टेकून फरशीवर बसले, दुखरा पाय लांब करून. या वेळी त्यांनी दार उघडंच ठेवलं. टोळी येईपर्यंत दोघं तसेच बसून होते. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. कुणी काही बोललं नाही, आणि काकांना मुंग्या आल्या नाहीत.

संध्याकाळी मेव्हणीनं फोनवर सांगितलं की गाठ काढली, बाई शुद्धीवर आहेत, गाठ तपासायला पाठवली आहे. दोन दिवसांनी बाई स्वतः बोलल्या. आवाज खोल गेला होता.

"त्या दिवशी तुम्ही मधे एक शब्द बोलला नाहीत," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला फार बरं वाटलं."

काका खाटेवर बसले होते. समोर तीच भिंत होती. गप्प राहिलं असतं तर ही शाबासकी फुकटात मिळत होती. पलीकडच्या खाटेवर मामा पाने पुसत होते.

"मी गप्प बसलो नव्हतो गं," काका म्हणाले. "मी ओरडत होतो. तुला ऐकू गेलं नाही. लिफ्टमध्ये अडकलो होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं, बुटांचंसुद्धा. बुटांपाशी बाईंचा श्वास थांबल्यासारखा झाला. आणि मग त्यांना हसू आलं, टाके दुखत असतानाही आवरेना. "म्हणजे ते तुमचे मामा! आणि मी म्हणते, ह्यांचा घसा कसा बसला."

"हो."

"आणि तुम्ही सगळं ऐकलंत?"

"सगळं."

 "बरं झालं अडकलात," बाई म्हणाल्या.

"रिपोर्ट कधी येणार?"

"थांबायला सांगितलंय." आणि मग, "अहो, प्रार्थना करायची ना?"

काकांनी सवयीनं घसा साफ केला.

"सुटलात म्हणून लगेच बोलायला लागू नका," बाई म्हणाल्या. "मी करते."

काकांनी डोळे मिटले. बाई सावकाश बोलत होत्या, मधे मधे थांबत होत्या. दोनदा काकांना वाटलं, संपलं. दोन्ही वेळा त्यांनी तोंड मिटून घेतलं.